चाकू हातात, नवरदेव विमानात

दिल्लीहून आल्यापासून सात रस्ता चौकातून घरी पोचायला मला दहा मिनिटांच्या जागी तास लागतो. पानवाला अडवतो, शिंपी अडवतो, परवा तर टांगेवाल्यानं टांगा मध्येच उभा करून विचारलं, "सर, वर गेल्यावर कान फुटत्यात म्हनं, खरं हाय का?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझा घसा बसला. म्हणून एकदा लिहूनच काढतो. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी वाचावं आणि मला सुखानं घरी जाऊ द्यावं.

मी शाळेत शास्त्र शिकवतो. रीतीभाती, दृष्ट, उतारा, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही आणि मी ते कुणापासून लपवतही नाही. त्यामुळे आमच्या घराण्यात लग्नकार्याला मला बोलावतात, पण बसवतात मात्र लांब. माझी थोरली बहीण काशाक्का तेवढी मला जवळ बसवते. भाऊजी गेले तेव्हा तिचा महादेव सहा वर्षांचा होता. सांगोल्याकडची मेंढरं विकून ती पोराला घेऊन सोलापुरात आली, आणि आता महादेव मिलमध्ये सुपरवायझर आहे. त्याचं लग्न ठरलं ते दिल्लीत. मुलगी मूळची मोडनिंबची, पण वडील दिल्लीला सरकारी छापखान्यात, आणि त्यांना रजा मिळेना. तेव्हा लग्न तिकडेच करायचं ठरलं. पस्तीस माणसांचं वऱ्हाड, रेल्वेचं रिझर्वेशन झालेलं, पत्रिका वाटलेल्या, आणि त्या मे महिन्यात रेल्वेचा संप सुरू झाला.

आता काय करता? मुहूर्त हलेना आणि गाडी चालेना. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत असतो, त्यानं खटपट करून विमानाची दोन तिकिटं मिळवली. संपामुळे सगळी दुनिया विमानावर पडली होती, दोनच मिळाली हेच नशीब. एक नवरदेवाचं. दुसरं कुणाचं, यावर आमच्या अंगणात दोन दिवस भांडण झालं. शेवटी अक्का म्हणाली, "मामा जाईल." भांडण मिटलं, आणि पस्तीस माणसांचं वऱ्हाड मी एकटा झालो.

हळद

आमच्याकडे नवऱ्या मुलाला आधी हळद लागते आणि त्याची उष्टी हळद मग मुलीकडे जाते. म्हणून निघायच्या दिवशी सकाळीच हळद झाली. बायका गाणी म्हणत होत्या, महादेव पाटावर पिवळाधमक होऊन बसला होता, आणि अक्का दारात उभी होती. विधवा बाईनं नवऱ्या मुलाला हात लावायचा नाही, ही रीत. मला संताप आला. ज्या बाईनं त्याला एकटीनं वाढवलं तिनं लांब उभं राहायचं आणि कधी न दिसलेल्या चुलत चुलत्यांच्या सुनांनी त्याला हळद फासायची. मी बोललोसुद्धा. अक्कानं मला डोळ्यांनी गप्प केलं.

हळद लागली की नवरदेवाच्या हातात लोखंड द्यायचं, टोकाला लिंबू खोचायचं, आणि अक्षता पडेपर्यंत ते हातातून सुटू द्यायचं नाही. सुटलं तर वाईट. काय वाईट ते कुणी सांगत नाही, मीच एकटा विचारत असतो. बाकीच्यांकडे कट्यार असते. महादेव म्हणाला, "मामा, दिल्लीला कट्यार घेऊन फिरू का मी?" तेव्हा अक्कानं पेटीतून भाऊजींचा चाकू काढला. घडीचा, शिंगाच्या मुठीचा. भाऊजी मेंढरांमागे असताना तो कायम त्यांच्या खिशात असायचा. तो तिनं स्वतः पोराच्या हातात दिला नाही. माझ्या हातात ठेवला आणि मी त्याच्या हातात दिला.

निघताना तिनं मला बाजूला घेतलं. "दत्ता, तुझं शास्त्र तुझ्यापाशी. माझं येकच काम कर. अक्षता पडूस्तोर त्येच्या हातातलं लोखंड सुटू देऊ नगंस. शब्द दे."

"अक्का, लोखंडात काय असतं? गंज असतो."

"शब्द दे म्हनते की."

दिला. आता मी कितीही शास्त्र शिकवीत असलो तरी शब्द म्हणजे शब्द.

एस. टी.चा प्रवास सांगत नाही, तो सगळ्यांना माहीत आहे. एवढंच सांगतो की उघडा चाकू आणि त्यावर लिंबू घेऊन बसलेल्या नवरदेवाकडे कंडक्टरनं वळूनही पाहिलं नाही. उलट मोडनिंबला गाडी थांबली तेव्हा चहावाल्यानं त्याला बशीत चहा ओतून हातात धरून पाजला आणि "नवरदेवाचं पैसं घेत न्हाय" म्हणाला. आमच्या मुलुखात ते लिंबू दिसलं की काय ते सगळ्यांना कळतं. मुंबईपर्यंत आम्हाला कुठेही एक शब्द समजावून सांगावा लागला नाही, आणि तिथंच आमचं चुकलं. पुढच्या माणसालाही कळेल असं आम्ही धरून चाललो.

सांताक्रूझ

विमानतळ म्हणजे एस. टी. स्टँडच, पण कुणी थुंकत नाही आणि ओरडत नाही. ट्रंक वजन करून घेतली. मग एका दाराशी रांग होती. विमानं पळवायला लागल्यापासून आता प्रत्येकाला तपासून सोडतात, असं पुढच्या गृहस्थांनी सांगितलं. रांग छान पुढे सरकत होती. आमचा नंबर आला. हवालदार खिसे चाचपायला पुढे झाला आणि सवयीनं म्हणाला, "हात वर."

महादेव आज्ञाधारक मुलगा. त्यानं दोन्ही हात वर केले.

उजव्या हातात उघडा चाकू, पात्याच्या टोकाला लिंबू, डोक्याला मुंडावळ्या, अंग पिवळं. आमच्या मागची रांग एकदम चार पावलं मागे गेली. एक बाई "अरे बाप रे" म्हणून खांबाआड झाल्या. हवालदारानंही हात मागे घेतला. मग त्यानं लिंबू पाहिलं आणि त्याचा चेहरा सैल पडला.

"कुठलं गाव?"

"सोलापूर," मी म्हणालो. "मूळ सांगोल्याकडचे."

"मी मंगळवेढ्याचा. अहो मास्तर, हे असं उघडं घेऊन यायचं का? ट्रंकेत टाकायचं की."

"ट्रंकेत टाकलं तर हातात कसं राहील?"

हवालदाराला पटलं. गावाकडच्या माणसाला पटणारच. पण टेबलामागे त्याचे साहेब बसले होते, जाड चष्म्याचे, तामीळ की काय बोलीचे, आणि त्यांना लिंबाचा अर्थ लागेना. त्यांनी हिंदीत नियम सांगितला. धारेची कोणतीही वस्तू आत न्यायची नाही. इथं जमा करायची, लिफाफ्यात घालून ती वैमानिकाकडे जाईल आणि दिल्लीत उतरल्यावर परत मिळेल. नियम चांगला होता. मी शास्त्राचा माणूस, मला नियम कळतो. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी साहेबांच्याच बाजूनं भांडलो असतो.

पण शब्द दिला होता ना. म्हणून मी भांडलो ते चाकूच्या बाजूनं. माझ्या तोंडून काय काय निघालं ते आठवलं की आजही मला हसू येतं. मी, ज्यानं दहावीच्या वर्गात भुताखेतांची टर उडवली, तो मी साहेबांना हळद लागलेल्या मुलाला बाहेरचं कसं लवकर बाधतं ते हिंदीत पटवत होतो. महादेव तर माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. बाहेर आमच्या विमानाची घोषणा झाली.

साहेबांनी विचारलं, "धार पाहिजेच का?"

मी थांबलो. हे मला कुणी विचारलंच नव्हतं. अक्काचं बोलणं शब्दाशब्दानं आठवलं. "धार नाही साहेब. लोखंड पाहिजे."

"आणि आम्हाला धार नको. लोखंडाचं आमचं काही म्हणणं नाही." साहेबांनी टेबलावरच्या कागदांवरून एक वस्तू उचलली आणि माझ्यापुढे सरकवली. जुनं, काळंकुट्ट, आंब्याएवढं कुलूप. किल्ली हरवल्यापासून ते कागद दाबायला वापरत होते. "लोहा है. चलेगा?"

चालेल का? अहो, धावेल.

पण मध्ये हात रिकामा राहून चालणार नव्हतं. तेव्हा आधी डाव्या मुठीत कुलूप, मग उजव्या मुठीतून चाकू, अशी अदलाबदल झाली. खांबाआडच्या बाई आता सगळ्यांत पुढे येऊन बघत होत्या. चाकू सुटला तशी त्यांनी गुजरातीत काहीतरी म्हणून महादेवाच्या डोक्यावरून बोटं मोडली. लिंबाचं काय करायचं? साहेबांनी नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, त्यात लिंबू नव्हतं. हवालदार म्हणाला, टोकाला आहे ते बरंच आहे, लिफाफा फाटायचा नाही. मग पावती झाली. एक चाकू, घडीचा. एक लिंबू. भाऊजींचा चाकू लिफाफ्यात गेला तेव्हा मात्र महादेवाचं तोंड उतरलं. "परत देतील ना, मामा?" त्यानं दोनदा विचारलं. देतील रे, असं मी म्हणालो, पण पावती दोनदा वाचून मगच खिशात घातली.

उष्ट्या हळदीचा डबा त्यांनी उघडून, हुंगून परत दिला. हवालदारानं त्यातली चिमूटभर आपल्या कपाळाला लावून घेतली.

आभाळात

कान फुटत नाहीत. नुसते दडे बसतात. ते होऊ नये म्हणून विमान उडायच्या आधी एक बाई ताटलीत गोळ्या आणि कापूस घेऊन येते. गोळी तोंडात घालायची आणि कापूस कानात. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी घाईत उलट करायला घेतलं होतं. मी वेळेवर अडवलं.

जमीन वरून कशी दिसते? आमच्याकडच्या वाकळेसारखी. तुकडा तुकडा जोडलेला, एखादा हिरवा, बाकी सगळे मातकट. ढग खिडकीच्या खाली होते हे पाहून मी महादेवाला बाष्पीभवन समजावून सांगायला लागलो. त्यानं दोन मिनिटं ऐकून घेतलं. वर्गातली मुलंही तेवढंच ऐकतात.

मग जेवण आलं. एकेकाला वेगळा ट्रे. त्यात कटलेट, पाव, लोण्याची वडी, काकडीचे दोन काप, आणि कागदी रुमालात गुंडाळलेला काटा, चमचा आणि सुरी. धातूची, चकचकीत, चांगली वीतभर सुरी! मी ती उचलून बोटावर धार पाहिली. भाऊजींच्या चाकूपेक्षा काकणभर जास्तच होती. खाली आमचा चाकू काढून घेतला आणि वर प्रत्येकाच्या ताटात एकेक सुरी वाढली. मी मागे वळून पाहिलं, विमानभर लोक सुऱ्या घेऊन शांतपणे कटलेट कापत होते. हसून हसून मला ठसका लागला. हवाई सुंदरीनं पाणी आणून दिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, काही नाही, व्यवस्था उत्तम आहे.

महादेव म्हणाला, "मामा, हीच धरू का मग हातात?"

"ती स्टीलची. अक्का लोखंड म्हणाली होती."

"स्टील म्हणजे लोखंडच की. तुम्हीच शिकवलं होतं."

शिकवलं होतं खरं. पण परीक्षा घेणारी सोलापुरात बसली होती, आणि तिच्यापुढे मिश्रधातूचा मुद्दा टिकला नसता. "कुलूपच धर," मी म्हणालो. तो डाव्या हातात कुलूप धरून उजव्या हातानं जेवला. चव? मीठ कमी, तिखट अजिबात नाही. शेंगदाण्याची चटणी असती तर पावालाही अर्थ आला असता.

जेवण झालं आणि महादेव झोपला. सबंध बसप्रवासात त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी सहज पाहिलं तर त्याची मूठ सैल पडत होती. एक बोट उघडलं, मग दुसरं. कुलूप मांडीवर घसरायच्या बेतात आलं. त्याला उठवायचं माझ्या जिवावर आलं, तान्ह्या पोरासारखा झोपला होता. मी त्याच्या मुठीवर माझा हात ठेवला, बोटं मिटवली आणि घट्ट धरून बसलो.

सुरुवातीला मला फार लाज वाटली. शेजारचे गृहस्थ पाहत होते. ट्रे न्यायला आलेली हवाई सुंदरी पाहून हसली. दोन दाढीमिशीवाले पुरुष एकमेकांचा हात धरून बसलेत, आणि त्यातल्या एकाच्या डोक्याला मुंडावळ्या. मग लाज गेली. सहा वर्षांचा असताना याला मी असाच हात धरून शाळेत नाव घालायला नेलं होतं, तेव्हाही त्याची मूठ अशीच घामेजलेली होती. त्यानंतर मी त्याचा हात कधी धरला नव्हता. बापाविना वाढलेल्या पोराचा हात धरायला मला इतकी वर्षं लागली, याचं मला खरंच वाईट वाटलं. विमान खाली उतरेपर्यंत मी हात काढला नाही. पेपर दिला होता, तो तसाच मांडीवर राहिला.

दिल्ली

पालमला उतरलो आणि सोलापूरची आठवण आली. तसंच ऊन, फक्त हवा आणखी कोरडी. लिफाफा मिळायला मात्र अडचण झाली. लिंबाचा रस झिरपून वरची सगळी अक्षरं पुसली होती, आणि तिथला माणूस नावाशिवाय देईना. मी म्हणालो, "वास घ्या." त्यानं वास घेतला आणि दिला. हवालदाराची पावती पाहून तो फारच हसला. पुन्हा अदलाबदल केली. महादेवानं चाकूच्या शिंगाच्या मुठीवरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा परत जागेवर आला. माझाही.

व्याही स्टँडवर, म्हणजे विमानतळावर, पस्तीस हार घेऊन आले होते. विमानानं येतोय ही पहिली तार त्यांना मिळाली होती, दोघंच येतोय ही दुसरी मिळालीच नव्हती. "बाकीचे?" त्यांनी माझ्या मागे पाहत विचारलं. मी म्हणालो, "मीच बाकीचे." मग काय, मुलीकडच्यांनी पस्तीस माणसांचा मानपान एकट्या माझा केला. हार माझ्या गळ्यात मावेनात. विहीणबाई मोडनिंबच्या, त्यांनी गावाकडून आणलेलं जोंधळ्याचं पीठ जपून ठेवलं होतं. दिल्लीत बसून मी गरम भाकरी आणि पिठलं खाल्लं. कुणीही येऊन "अजून एक" म्हणायचं, आणि वऱ्हाडाचा मान राखायचा म्हणून मी खायचो.

शेजारी एक पंजाबी गृहस्थ होते, लाकडाच्या वखारीचे मालक, दणकट. त्यांनी महादेवाचा चाकू पाहिला आणि कपाळाला हात लावला. त्यांच्यात नवरदेव घोड्यावर बसतो आणि कमरेला तलवार असते. "इतनी छोटी तलवार?" म्हणून ते घरातून खरीच तलवार घेऊन आले. मला मुंबईत केलेली सगळी वकिली पुन्हा करावी लागली, पण या वेळी दोन मिनिटांत काम झालं, कारण त्यांना लोखंडाचं महत्त्व आधीच पटलेलं होतं. शेवटी ठरलं की तलवार ते स्वतः धरून पुढे चालतील. नवरदेवाकडे माणसं नाहीत हे त्यांना कसंतरी वाटलं. त्यांनी सबंध गल्लीला सांगितलं, आणि संध्याकाळी गोरज मुहूर्ताला वरात निघाली तेव्हा आमच्या बाजूनं साठ-सत्तर पंजाबी नाचत होते. मला सोलापूरकर म्हणून मध्ये ओढलं. मी आयुष्यात कधी नाचलो नव्हतो. त्या दिवशी नाचलो, आणि काही वाईट नाचलो नाही असं व्याही म्हणतात.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंजाब्यांनी मूठमूठ उधळल्या. आता चाकू खाली ठेवायचा, तर महादेवाची बोटं उघडेनात. विमानातला वेळ सोडला तर दोन दिवस मिटून मिटून आखडली होती. तो कसनुसा हसला. तेव्हा सुमननं, म्हणजे नव्या नवरीनं, सगळ्यांदेखत त्याचा हात पुढे ओढला आणि एकेक बोट सोडवलं. करंगळी शेवटी. तिची आई "अगं, अगं" म्हणत होती, पण पोरगी धीट निघाली. मला ती तिथंच आवडली.

संप मिटेपर्यंत आम्ही दिल्लीतच राहिलो आणि परत रेल्वेनं आलो. सोलापुरात पोचल्यावर पहिलं काम केलं ते साहेबांचं कुलूप पार्सलनं परत पाठवायचं. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकऱ्या हवालदारासाठी घातल्या. साहेबांचं दोन ओळींचं पोचपत्र आलं. चटणी फार तिखट आहे, असं त्यात लिहिलं होतं.

घरी

सुमन माप ओलांडून आत गेली. बायकांचा गराडा तिच्याभोवती पडला, तेव्हा अक्का बाहेर माझ्याजवळ येऊन बसली.

"शब्द राखलास?"

रेल्वेत मी उत्तर घोकून ठेवलं होतं. चाकू वेगळा, लोखंड वेगळं, धार वेगळी, असं मुद्देसूद. पण तिच्यापुढे मला ते जमलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, अगदी आखडलेल्या बोटांपर्यंत. चाकू हातातून काढून घेतला, मग कुलूप आलं, पोरगं झोपलं, मूठ सुटायला लागली म्हणून मी धरून बसलो.

"किती येळ धरलीस?"

"खाली उतरेपर्यंत. हात बधिर झाला माझा."

मला वाटलं, आता रागावणार.

"लोखंडाचं ते हायेच की," ती म्हणाली. "पन दत्ता, हळदीला मला त्येच्या अंगाला बोट लावता आलं न्हाय. दारातनं बघत हुते. म्हनलं, घरचा येक हात तरी पोराच्या हातावर असू दे. तुला नुसतं 'पोराकडं बघ' म्हनलं असतं तर तू पेपर वाचत बसला असतास."

मी आत गेलो, बायकांच्या गराड्यातून महादेवाला बाहेर काढलं आणि आईजवळ बसवलं. अक्कानं त्याचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला, एकेक बोट चाचपून पाहिलं आणि विचारलं, "दुकत्यात का रं अजून?"